झेब्राफिश, गळणारं मूत्रपिंड आणि रक्ताच्या गुठळ्या

प्रवाह | सोमवार, रात्री ९:४०

नेफ्रोटिक सिंड्रोमवरच्या (मूत्रपिंडातून रक्तातलं प्रोटीन लघवीत गळतं तो आजार) मागच्या चर्चेत एक प्रश्न तसाच राहून गेला होता: आजार मूत्रपिंडाचा, मग गुठळी पायाच्या शिरेत कशी काय होते? दोन ओळींत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी झेब्राफिशवर काम चालणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकापेक्षा या माशाकडे बघून जास्त नीट उमगलं, त्यामुळे लिहिण्यात मासा सारखा येणार.

आधी आजाराचं बघू. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, तो ग्लोमेरुलस. दोन्ही मूत्रपिंडांतले सगळे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक पुन्हा रक्तात शोषला जातो. या केशवाहिन्यांना बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बिलगून असतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे शेजारशेजारच्या पोडोसाइटचे पाय गुंतलेले असतात आणि मधल्या फटीत नेफ्रिन, पोडोसिन अशा प्रोटीनांचा पडदा असतो. पाणी, क्षार, युरिया पार होतात, मोठी प्रोटीनं रक्तात राहतात. हे पाय चपटे झाले, फटी बिघडल्या, की प्रोटीन लघवीवाटे जायला लागतं. मोठ्या माणसात दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं की त्याला नेफ्रोटिक पातळी म्हणतात.

आपण सगळे अल्ब्युमिनबद्दल बोलतो, कारण सूज त्याने येते आणि रिपोर्टमध्ये आकडा त्याचाच असतो. पण त्याच वाटेने, साधारण त्याच आकाराचं दुसरं एक प्रोटीन निसटतं: अँटिथ्रॉम्बिन. रक्त गोठण्याच्या प्रक्रियेला आवर घालणं हे त्याचं काम. इकडे यकृताला कळतं की रक्तातली प्रोटीनं कमी झालीत, आणि ते भरून काढण्यासाठी ते जोमाने कामाला लागतं. त्यात फायब्रिनोजेन, घटक ५ आणि घटक ८ या रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनांचंही उत्पादन वाढतं. हे रेणू आकाराने मोठे असल्याने सहसा गळत नाहीत. म्हणजे गोठवणारं साठत जातं आणि आवरणारं वाहून जातं. गुठळी पायात, मूत्रपिंडाच्या शिरेत, फुप्फुसात, मेंदूच्या शिरांत कुठेही होऊ शकते, कारण बिघाड सगळीकडे फिरणाऱ्या रक्तातच झालेला असतो.

आता मासा. झेब्राफिशचं अंडं शरीराबाहेर फळतं, पारदर्शक असतं. २४ तासांच्या आसपास हृदय धडधडू लागतं आणि ४८ तासांच्या सुमारास मूत्रपिंड गाळायला लागतं. या वयात मूत्रपिंड म्हणजे फक्त दोन नेफ्रॉन, दोघांचे ग्लोमेरुलस मधोमध एकत्र जुळलेले. पोडोसाइट आहेत, नेफ्रिन आणि पोडोसिन आहेत, फटीतला पडदाही आहे. आणि हे सगळं जिवंत पिल्लात, न कापता, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं.

गळती कशी दाखवतात ते सांगते, मला ती युक्ती फार आवडते. झेब्राफिशला अल्ब्युमिनचं जनुकच नाही. मग मोजायचं काय? त्याच घराण्यातलं ‘ड’ जीवनसत्त्व वाहून नेणारं एक प्रोटीन घेतलं, त्याला हिरवं चमकणारं प्रोटीन जोडलं आणि ते माशाच्या यकृतात तयार होईल अशी सोय केली. आता पिल्लाच्या रक्तात हिरवी चमक फिरते. डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांत ती सगळ्यात सुंदर दिसते. मग पोडोसाइटना इजा करायची. त्यासाठी फक्त पोडोसाइटमध्ये जिवाणूंचं एक एन्झाइम, नायट्रोरिडक्टेज, तयार होईल असे मासे बनवले आहेत. पाण्यात मेट्रोनिडॅझोल घातलं (हो, आपल्याकडे आमांशाला देतात तेच औषध) की हे एन्झाइम त्याचं विष करतं आणि तेवढ्याच पेशी मरतात. बाकी मासा शाबूत. झोउ आणि हिल्डेब्रांट यांनी २०१२ मध्ये ही पद्धत मांडली. पोडोसाइट गेल्यावर पिल्लू हृदयाभोवती आणि पोटाशी सुजतं आणि ते हिरवं प्रोटीन ज्या पाण्यात पिल्लू आहे त्या पाण्यात उतरतं. म्हणजे लघवीतलं प्रोटीन चक्क पाण्यातून मोजता येतं.

गोठण्याचा भाग उद्या लिहिते. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

---

तळ्याकाठी | सोमवार, रात्री १०:२५

माझ्या टाकीत हे मासे बरीच वर्षं आहेत. इतके चिवट मासे दुसरे नाहीत. अंडी टिकवायची म्हटली की त्रास, कारण घातलेली अंडी तेच खाऊन टाकतात. प्रयोगशाळेत काय करतात?

प्रवाह | सोमवार, रात्री १०:५०

आमच्याकडेही खातातच. म्हणून जाळीचा तळ असलेल्या डब्यात संध्याकाळी नर-मादी ठेवतो, मध्ये पारदर्शक पडदा. आमचे दिवे १४ तास चालू, १० तास बंद असतात. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा, थोड्याच वेळात अंडी जाळीतून खाली पडलेली असतात. एका मादीची एका वेळी दोनशेच्या वरही निघतात. चहाच्या गाळणीत गोळा करून धुवायची, साडेअठ्ठावीस अंशांच्या पेटीत ठेवायची. बुरशी लागू नये म्हणून पाण्यात मिथिलिन ब्लूचे थेंब. पाचव्या दिवसापर्यंत खायला द्यावं लागत नाही, पिवळ्या बलकावर भागतं.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ७:०५

उत्तम धागा. थोडी भर घालतो. हा मासा आपल्याच भूभागातला आहे, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याचं वर्णन केलं. तो प्रयोगशाळेत नावारूपाला आला अमेरिकेत. ओरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी १९८१ मध्ये एकाच जनुकसंचाचे हुबेहूब झेब्राफिश तयार करून दाखवले. पुढे १९९६ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनमधून क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या गटाने आणि बोस्टनमधून ड्रीव्हर व फिशमन यांच्या गटांनी हजारो उत्परिवर्तनं एकदम प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये संपूर्ण जनुकसंच आला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार असल्याचं दिसलं.

मिनूची_आई | मंगळवार, सकाळी ११:३०

प्रवाहताई, सगळं समजलं असं नाही, पण दोनदा वाचलं. माझ्या मुलीला साडेतीन वर्षांची असताना नेफ्रोटिक निघालं. रोज सकाळी पहिल्या लघवीत प्रोटीन तपासायची पट्टी बुडवते आणि डायरीत लिहिते. पिवळी राहिली तर दिवस चांगला. पोपटी झाली की पोटात गोळा येतो, गर्द हिरवी तीन दिवस आली की डॉक्टरांना फोन. सूज, मीठ, स्टेरॉइड, इन्फेक्शन सगळ्याबद्दल आम्हाला सांगितलं गेलं. गुठळीबद्दल मात्र आजवर कुणीच बोललं नाही, इथेच पहिल्यांदा वाचते आहे. मुलांतही होतं का हे? काय बघायचं?

नेफ्रॉनवाला | मंगळवार, दुपारी ३:१०

मिनूच्या आई, मी नेफ्रॉलॉजीत काम करतो, म्हणून सर्वसाधारण माहिती देतो. तुमच्या मुलीचा निर्णय अर्थातच तुमचे डॉक्टर घेतील.

मुलांत होऊ शकतं, पण मोठ्यांच्या मानाने पुष्कळ कमी. लहानपणीचा नेफ्रोटिक बहुतेक वेळा ‘मिनिमल चेंज’ प्रकारचा असतो आणि स्टेरॉइडला दाद देतो. पट्टी पिवळी झाली की गळती थांबली, अँटिथ्रॉम्बिनही पूर्वपदावर येतं. धोका वाढतो तो आजार उलटलेला असताना, अल्ब्युमिन फार खाली गेल्यावर. त्यातच जुलाब-उलट्या झाल्या किंवा लघवी वाढवणारं औषध जोरात चालू असलं तर रक्त आणखी दाट होतं. म्हणून त्या काळात मूल कोरडं पडू द्यायचं नाही आणि सूज आहे म्हणून अंथरुणाला खिळवून ठेवायचं नाही. चालू दे, खेळू दे.

लक्ष ठेवायची लक्षणं: एकच पाय जास्त सुजणं किंवा दुखणं (नेफ्रोटिकची सूज सहसा दोन्ही पायांवर सारखी येते), अचानक धाप, छातीत दुखणं, न थांबणारी डोकेदुखी आणि उलट्या, झटका, लघवीत रक्त आणि सोबत कुशीत दुखणं. यातलं काहीही दिसलं तर पट्टी-डायरी बाजूला ठेवून थेट इस्पितळात जायचं.

एक गोष्ट प्रवाह यांच्या लेखाला जोडून. हेपॅरिन (गुठळीवर देतात ते औषध) स्वतः रक्त पातळ करत नाही, ते अँटिथ्रॉम्बिनला पकडून त्याचं काम कितीतरी पटींनी वाढवतं. आता ज्याचं अँटिथ्रॉम्बिनच लघवीतून गेलंय, त्याला हेपॅरिन नेहमीच्या डोसमध्ये कमी लागू पडू शकतं. वॉर्डात हे प्रत्यक्ष दिसतं.

मिनूची_आई | मंगळवार, दुपारी ४:००

खूप खूप धन्यवाद डॉक्टर. लक्षणं डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. पुढच्या भेटीत आमच्या डॉक्टरांना विचारीन.

प्रवाह | मंगळवार, रात्री ९:१५

राहिलेला भाग.

माशात गोठणं मोजायची पद्धत बघायला फार सोपी आहे. तीन दिवसांचं पिल्लू भूल देऊन कोमट, पातळ अॅगरोजमध्ये (जेलीसारखा पदार्थ) कुशीवर झोपवायचं. अॅगरोज थंड होऊन घट्ट झालं की ते हलत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीकडच्या मोठ्या शिरेतून एकेक लाल पेशी पळताना दिसते. तिथे लेसरचा बारीक मारा करायचा आणि घड्याळ सुरू. भिंतीवर काहीतरी साकळायला लागतं, पेशी अडखळतात, मागे रांग लागते आणि प्रवाह थांबतो. निरोगी पिल्लात हे मिनिटाच्या आत होतं. हा थांबण्याचा वेळ हेच मोजमाप. पुदूर जगदीश्वरन यांनी अमेरिकेत टेक्सासमध्ये या माशाच्या रक्त गोठण्याच्या अभ्यासाचा पाया घातला, त्यात ही पद्धतही आली.

आता अँटिथ्रॉम्बिन. मिशिगन विद्यापीठात जॉर्डन शाविट यांच्या गटाने २०१४ मध्ये हे जनुक मोडलेले झेब्राफिश तयार केले. उंदरात अँटिथ्रॉम्बिन पूर्ण गेलं तर गर्भ आईच्या पोटातच मरतो, त्यामुळे पुढचं काहीच बघता येत नाही. मासे मात्र वाढले आणि मोठेपणी गुठळ्यांनी मेले. मधल्या काळात जे दिसलं त्यासाठी मी हा सगळा धागा लिहितेय. आवर घालणारं प्रोटीन नाही, म्हणजे लेसर मारल्यावर गुठळी झटकन व्हायला हवी, बरोबर? उलट झालं. पिल्लांत लेसर मारूनही गुठळी होईना. कारण आतल्या आत आपोआप इतकं गोठणं चालू होतं की फायब्रिनोजेन आधीच संपून गेलं होतं. गोठवायला कच्चा मालच उरला नाही. माणसांत गंभीर जंतुसंसर्गात रक्त एकीकडे साकळतं आणि दुसरीकडे थांबत नाही, त्या अवस्थेशी याचं जवळचं नातं आहे.

साधा_प्रश्न | मंगळवार, रात्री १०:०२

लेख आवडला, पण एक शंका मनापासून विचारतो. मासा गोड्या पाण्यात राहतो, त्याच्या शरीरात पाणी सतत शिरत असतं. आपलं मूत्रपिंड पाणी वाचवायला झटतं, त्याचं पाणी बाहेर फेकायला. दोन नेफ्रॉनवरून २० लाख नेफ्रॉनबद्दल किती बोलायचं?

प्रवाह | मंगळवार, रात्री १०:४५

शंका रास्त आहे आणि आमच्या बैठकांतही हीच निघते. पाणी वाचवण्याबद्दल बोलायचं असेल तर हा मासा कामाचा नाही. लघवी दाट करणारा नेफ्रॉनचा भाग त्याच्याकडे नाही. गाळण्याच्या पडद्याबद्दल बोलायचं असेल तर फार कामाचा आहे, कारण तो पडदा जवळजवळ त्याच प्रोटीनांनी विणलेला आहे. पाणी बाहेर फेकणं हेच त्याच्या मूत्रपिंडाचं मुख्य काम, म्हणून तर बिघाड झाला की दिवसभरात सूज दिसते.

इतर मर्यादाही सांगते. माशात प्लेटलेट नसतात, त्यांच्या जागी केंद्रक असलेल्या थ्रॉम्बोसाइट पेशी असतात. गोठण्याच्या साखळीतला घटक १२ नाही. अल्ब्युमिन नाही हे वर आलंच. आणि एक मोठा धडा: पूर्वी जनुक तात्पुरतं दाबायला मॉर्फोलिनो नावाचे रेणू सर्रास वापरत. २०१५ मध्ये दिसून आलं की मॉर्फोलिनोने दिसलेले कितीतरी परिणाम, तेच जनुक खरोखर मोडल्यावर दिसतच नाहीत. त्यामुळे त्या काळातले ‘अमुक जनुकामुळे मूत्रपिंड बिघडतं’ असे दावे, खरी उत्परिवर्तनं बघितल्याशिवाय मी तरी धरत नाही.

दुसऱ्या बाजूचंही एक उदाहरण. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणारा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या असतो. त्याचं मूळ पेशींवरच्या केसासारख्या सिलियांमध्ये आहे, ही गोष्ट पक्की होण्यात २००४ च्या झेब्राफिशवरच्या जनुकशोधाचा मोठा वाटा आहे. गाठी असलेले मासे आधी निवडले, मग कुठली जनुकं मोडलीत ते बघितलं, तर सिलियांची जनुकं एकामागून एक निघाली.

साधा_प्रश्न | मंगळवार, रात्री ११:१०

पटलं. धन्यवाद.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ९:२०

वडिलांना मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, म्हणजे नेफ्रोटिकचाच एक प्रकार, आहे. निदान व्हायच्या आधी पायात गुठळी निघाली, त्यानंतर लघवी तपासली. रक्तात पीएलए२आर अँटिबॉडी सापडली. आता रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी कमी करणारं औषध) आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. या माशाचा त्यांच्यासारख्यांना काही उपयोग होईल का?

नेफ्रॉनवाला | बुधवार, दुपारी २:४५

गुठळीचा धोका सगळ्यात जास्त याच प्रकारात असतो, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या बाबतीत क्रम असा लागला यात नवल नाही. पायात विनाकारण गुठळी निघाली की लघवीतलं प्रोटीन बघावं, हे मी ज्युनियरना नेहमी सांगतो. तपासणी स्वस्त आहे आणि दोन मिनिटांत होते.

ही अँटिबॉडी २००९ मध्ये सापडली. ती माणसाच्या पोडोसाइटवरच्या प्रोटीनवर हल्ला करते. उंदराच्या पोडोसाइटवर ते प्रोटीनच नसतं, म्हणून साध्या उंदरातही हा आजार जसाच्या तसा उभा करता येत नाही. माशाकडून आजाराचं कारण कळेल अशी अपेक्षा ठेवू नका. गळती झाल्यानंतर रक्ताचं काय होतं, हा भाग कळू शकतो, आणि गुठळीचं मूळ तिथेच आहे.

गोदाकाठ | बुधवार, दुपारी ३:३०

आभारी आहे. वडिलांना वाचून दाखवतो.

पाखरू | बुधवार, संध्याकाळी ६:१५

त्या पिल्लांना दुखत नाही का? मला वाचताना सारखं तेच मनात येत होतं.

प्रवाह | बुधवार, रात्री ८:३०

हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. लेसरच्या आधी ट्रायकेन नावाची भूल देतो. पिल्लू टोचल्यावरही हललं नाही तरच पुढे जातो. काम संपल्यावर त्याच औषधाचा जास्त डोस. युरोपातल्या कायद्यात पिल्लू स्वतः खायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण पाच दिवसांपर्यंत, ते प्रायोगिक प्राणी धरत नाहीत. आम्ही बरेचसे प्रयोग त्याआधीच उरकतो. मोठ्या माशांसाठी नैतिक समितीची परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

एमएस्सी_भाग२ | बुधवार, रात्री ९:०५

ताई, महाराष्ट्रात हे काम कुठे चालतं? मला यात पुढे जायचंय.

प्रवाह | बुधवार, रात्री ९:३५

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर, पुण्यात आघारकर संशोधन संस्था. दोन्हीकडे झेब्राफिशवर काम करणारे गट आहेत. बाहेर जायची तयारी असेल तर हैदराबादची सीसीएमबी आणि दिल्लीची आयजीआयबी. आयजीआयबीने आसाममधून आणलेल्या रानटी झेब्राफिशचा जनुकसंचही वाचला आहे. मूत्रपिंडावरच काम हवं असा हट्ट सुरुवातीला धरू नका. मासे पाळणं, अंड्यांत सुई घालणं, सूक्ष्मदर्शक हे कुठल्याही विषयात शिकता येतं आणि पुढे सगळीकडे उपयोगी पडतं.

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी ७:३०

मोठ्या झेब्राफिशचं मूत्रपिंड पुन्हा वाढतं असं वाचलं होतं. खरं का?

प्रवाह | गुरुवार, सकाळी ८:५०

खरं आहे सर. माणसात नवीन नेफ्रॉन जन्माआधीच बनायचे थांबतात. पुढे आयुष्यभर आहेत तेवढ्यांवर भागवायचं. मोठ्या माशाला जेंटामायसिन देऊन मूत्रपिंड बिघडवलं तर तो जुने दुरुस्त करतोच, शिवाय संपूर्ण नवे नेफ्रॉन घडवतो. हे करणाऱ्या पेशींचे पुंजके २०११ मध्ये ओळखले गेले. आणखी एक गंमत म्हणजे माशाचं रक्तही मूत्रपिंडातच तयार होतं, आपल्या हाडांतल्या मगजाचं काम तिथे चालतं.

नेफ्रॉनवाला | गुरुवार, दुपारी १:२०

प्रवाह, मला एक सांगा. गळती दाखवणारा मासा आहे, गोठणं मोजायची पद्धत आहे. दोन्ही एकाच पिल्लात का करू नये? पोडोसाइट मारा, गळती सुरू झाली की लेसर मारा, गुठळी लवकर होते का बघा. आमच्या पेशंटचा प्रश्न थेट हाच आहे.

प्रवाह | गुरुवार, रात्री १०:१०

हाच प्रयोग डोक्यात घोळतोय, आणि तो दिसतो तितका सरळ नाही. तीन अडचणी आहेत.

पहिली, माशाचं अँटिथ्रॉम्बिन खरंच गळतं का हे आधी बघायला हवं. हिरवं प्रोटीन गळतं म्हणून तेही गळत असेल हा अंदाज झाला. पाण्यात ते सापडलं पाहिजे आणि रक्तात कमी झालेलं दिसलं पाहिजे.

दुसरी सगळ्यात त्रासाची. पोडोसाइट गेल्यावर पिल्लू हृदयाभोवती सुजतं. हृदय दाबलं जातं, रक्त मंद वाहतं, आणि मंद रक्त तसंही लवकर थांबतं. मग प्रवाह लवकर थांबला तो गोठण्याची प्रवृत्ती वाढल्यामुळे की रक्तच मंदावल्यामुळे? म्हणून लेसर मारायच्या आधी प्रत्येक पिल्लाचे हृदयाचे ठोके आणि शिरेतल्या पेशींचा वेग मोजायचा. फार सुजलेली पिल्लं घ्यायची नाहीत, गळती सुरू झालीय पण सूज नुकती येतेय अशा तासांतलीच घ्यायची.

तिसरी शाविट यांच्या माशांनी शिकवलेली. समजा लेसरनंतर गुठळी उशिरा झाली, किंवा झालीच नाही. त्यावरून धोका कमी आहे असं म्हणता येणार नाही. कदाचित आत आधीच इतकं गोठून गेलंय की फायब्रिनोजेन संपलंय. त्यामुळे नुसता वेळ मोजून चालणार नाही. फायब्रिनोजेनलाही चमकणारी खूण लावून, लेसरच्या आधीच शिरांत कुठे काही साकळलंय का ते बघायला हवं.

नेफ्रॉनवाला | शुक्रवार, सकाळी ६:५५

दुसरा मुद्दा आमच्याकडेही लागू आहे. पेशंटचं रक्त दाट आणि मंद असतं ते वेगळं, अँटिथ्रॉम्बिन कमी असतं ते वेगळं, आणि बेडसाइडला आम्हाला ते सुटं करता येत नाही. तुमच्याकडे ते सुटं करता येईल. मेट्रोनिडॅझोलचा स्वतःचा परिणाम कसा वगळणार?

प्रवाह | शुक्रवार, रात्री ९:००

ते एन्झाइम नसलेली भावंडं त्याच दिवशी, त्याच डब्यात, त्याच मेट्रोनिडॅझोलमध्ये ठेवायची. आणि एन्झाइम असलेली पण औषध न दिलेली पिल्लं शेजारच्या डब्यात. तिसऱ्या डब्यात गळती असलेल्या पिल्लांना लेसरच्या आधी बाहेरून माणसाचं अँटिथ्रॉम्बिन टोचायचं. त्याने गोठण्याचा वेळ पूर्वपदावर आला, तर दोष अँटिथ्रॉम्बिनच्या गळतीचा. नाही आला, तर सूज किंवा वाढलेलं फायब्रिनोजेन यांच्याकडे वळायचं. लेसर मारणाऱ्याला कुठल्या डब्यातलं पिल्लू आहे हे माहीत असता कामा नये. ठोक्यांच्या मोजणीपासून सुरुवात करतेय, आकडे आले की इथेच टाकीन.